धाकट्या जावेचं ताट

मागच्या पावसाळ्यात आमच्या शहरात मेळघाटसाठी बिस्किटांचे पुडे जमवण्याचा एक कार्यक्रम झाला. हेतू चांगला होता, गर्दी बरी होती, चहाही चांगला होता. समारोपाला उभे राहिलेले पाहुणे निवृत्त अधिकारी, वाचणारे, आवाज मृदू. ते म्हणाले, "आपण बिस्किटं देऊ, सरकार अंडी देईल. पण यांना मुलंच इतकी होतात, की पुरं पडणार कोण? आणि जिथे आईलाच कळत नाही तिथे बाहेरच्यांनी किती धावायचं?" टाळ्या पडल्या. शेजारच्या खुर्चीतल्या सज्जन बाई "अगदी खरं" असं पुटपुटल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, इतकंच. उठून बोललोही नाही. आभारप्रदर्शन झालं आणि सगळे घरी गेले.

तेव्हा जे बोललो नाही ते आता लिहितो आहे.

पाहुण्यांनी हे मत घरी बसून तयार केलेलं नव्हतं. ते आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि त्याला कायद्याचाही आधार मिळत आलाय. 1976 साली आणीबाणीत महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, नाहीतर तो मानही आपल्याच राज्याला मिळाला असता. दोनपेक्षा जास्त मुलं झाली तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, हा नियम तर आपण कधीच पचवलाय. त्यामुळे सभागृहातल्या टाळ्यांत मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते याचं, की इतक्या वाचणाऱ्या माणसाने गेल्या वीस वर्षांचे आकडे कधी एकाखाली एक मांडून पाहिले नव्हते.

ते मांडून पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तीन फेऱ्या घ्या. 2005-06 मध्ये महाराष्ट्रातल्या बाईला सरासरी 2.1 मुलं होत होती. 2015-16 मध्ये 1.9. 2019-21 मध्ये 1.7. लोकसंख्या आहे तेवढीच राहायची तर साधारण 2.1 लागतात, म्हणजे आपण ती रेषा ओलांडून बरेच खाली आलो. आता त्याच वह्यांमधली मुलं बघा. पाच वर्षांखालच्या ज्या मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटली आहे त्यांचं प्रमाण पहिल्या फेरीत 46.3 टक्के होतं. ते 34.4 वर आलं आणि तिथून 35.2 वर गेलं. वजन कमी असलेली मुलं 37 टक्के, मग 36, मग पुन्हा 36. उंचीच्या मानाने हडकलेली मुलं साडेसोळा टक्के होती, ती साडेपंचवीस टक्क्यांच्या पुढे गेली आणि तिथेच थांबली.

पाळणे कमी झाले. पाळण्यातलं मूल मात्र त्या मानाने सावरलं नाही. 'मुलं फार' हेच मूळ असतं, तर 1.7 वर आलेल्या राज्यात दर तीन मुलांमागे एक खुरटलेलं का? गुजरातेत जननदर 1.9 आहे आणि खुरटलेली मुलं 39 टक्के. मुंबई-अहमदाबाद गाडीत बसून जाणाऱ्या कोणालाही ते राज्य उपाशी वाटणार नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण ती खरी आहे. दोन बाळंतपणांत दीड वर्षाचंही अंतर नसेल, तर पहिल्याचं दूध तुटतं आणि दुसरं अशक्त जन्माला येतं. पाळणा लांबवणं आई आणि मूल दोघांच्या जिवाच्या हिताचं आहे. मेळघाटात, नंदुरबारच्या अक्राणीत चार-पाच बाळंतपणं झालेल्या बाया आहेत, हेही खरं. पण त्या इतक्या वेळा बाळंत का होतात, हे कोणी विचारत नाही. ज्या पाड्यावर प्रत्येक घरातलं एखादं मूल पुरलेलं आहे, तिथे तिसरं आणि चौथं मूल हा चंगळीचा भाग नसतो. जगतील त्यातली जगतील, हा हिशेब असतो. मुलं वाचायला लागली, की माणसं आपणहून थांबतात, हे जगात जवळपास सगळीकडे झालंय, आपल्या आजोबांच्या घरातही झालंय. म्हणजे पाहुण्यांनी गाडी बैलापुढे जुंपली होती.

र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि पुढे सव्वीस वर्षं 'समाजस्वास्थ्य' चालवलं, ते लोकसंख्येच्या भीतीपोटी नव्हे. बाईचं शरीर बाईच्या ताब्यात यावं, हा त्यांचा मुद्दा होता. आपण त्यांच्याकडून साधन घेतलं आणि मुद्दा तिथेच टाकून आलो. असो.

त्या सभागृहात गृहीत धरलेली आणखी एक गोष्ट अशी, की कुपोषण म्हणजे मेळघाट. 1993 मध्ये धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू मुलांचे मृत्यू वर्तमानपत्रांत आले, उच्च न्यायालयात याचिका झाल्या, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात कॅमेरे तिकडे जातात. जायलाच हवेत, तिथली मुलं खरोखर मरतात. पण जरा त्रैराशिक मांडा. 2011 च्या जनगणनेत राज्यातले आदिवासी साडेनऊ टक्क्यांच्या आत आहेत. लहान मुलांत त्यांचा वाटा थोडा जास्त धरा. राज्यातलं एकूण एक आदिवासी मूल खुरटलेलं आहे असं मानलं, तरी 35 टक्क्यांतला मोठा हिस्सा भरायचा राहतोच. ती मुलं कुठली? ती लातूरची आहेत, जालन्याची आहेत, भिवंडीच्या चाळीतली आहेत, आणि काही आपल्या सोसायटीत धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईच्या घरची आहेत. काही तर आपलीच आहेत. 2019-21 च्या पाहणीत देशातल्या सगळ्यात श्रीमंत पाचव्या हिश्श्यातल्या घरांतही 23 टक्के मुलं खुरटलेली निघाली. तिथे बिस्किटांचे पुडे कोण नेणार?

तर मग अज्ञान. हा आरोप मला जास्त खुपतो, कारण तो नेहमी आईवर होतो. 'आईला कळत नाही' असं म्हटलं जातं. 'बापाला कळत नाही' असं म्हणताना मी तरी कोणाला ऐकलेलं नाही.

आईच्या शिक्षणाचा मुलाच्या वाढीशी संबंध आहेच. देशात शाळेची पायरी न चढलेल्या आयांची 46 टक्के मुलं खुरटलेली, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांची 26 टक्के. हा आकडा पाहुण्यांच्या बाजूचा म्हणून कोणी पुढे करील. पण तो पुरता वाचा. बारावी झालेल्या, पाककृतीचे व्हिडिओ पाहणाऱ्या, डॉक्टरला प्रश्न विचारणाऱ्या बाईचंही चारातलं एक मूल खुरटतंय. तिला काय कळायचं राहिलं? देशातल्या सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळतो तो फक्त 11 टक्क्यांना. उरलेल्या 89 टक्के आया अडाणी आहेत, असं म्हणायची कोणाची तयारी आहे? आणि शिकलेल्या आईचं मूल थोडं बरं वाढतं, ते तिला प्रथिनांची व्याख्या पाठ असते म्हणून की तिचं लग्न चार वर्षं उशिरा झालेलं असतं, तिला बसभाडं मागावं लागत नाही आणि सासूशी दोन शब्द उलट बोलता येतात म्हणून?

अज्ञानाचा पुरावा म्हणून नेहमी दाखवला जातो तो डंबा. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देतात. हे भयंकर आहे, थांबलं पाहिजे, त्याची बाजू मी घेत नाही. पण ज्या आईने पावसात नाला ओलांडून उपकेंद्र गाठलं आणि तिथे कुलूप पाहिलं, तिने परतताना भुमकाचं, म्हणजे गावच्या वैदूचं, दार ठोठावलं, तर त्या रात्री तिच्यापुढे दुसरं दार कोणतं होतं? 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अभय बंग आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीच्या कामाचा जो निबंध आला, तो या वादात कोणीच का काढत नाही, कळत नाही. तिथल्या 39 गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: वजन करणं, ऊब देणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देणं. त्या काही डॉक्टर नव्हत्या, जेमतेम शाळा शिकलेल्या गावच्याच बाया होत्या. महिन्याच्या आतल्या बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी उतरले. पाहुणे ज्यांना 'कळत नाही' म्हणाले त्याच या बाया. हातात औषध आणि पाठीशी माणूस असला, की त्यांना सगळं कळलं.

दुसरं उदाहरण अधिक बोलकं आहे. गरोदरपणी जास्त खाऊ नये, बाळ मोठं होतं आणि अडतं, असं अनेक गावांत बायका मानतात. आहारतज्ज्ञ हे ऐकून कपाळाला हात लावतात. मीही लावायचो. मग एका जुन्या आशाताईंनी मला एका वाक्यात गप्प केलं. "साहेब, सोळा वर्षांची पोरगी, हाडं अजून भरलेली नाहीत, आणि सिझर होणारा दवाखाना साठ किलोमीटरवर. तुम्ही असता तर केवढं बाळ मागितलं असतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याला आपण अंधश्रद्धा म्हणतो त्यातला बराच भाग म्हणजे परिस्थितीने शिकवलेली सावधगिरी आहे. दवाखाना जवळ आणा, लग्न पुढे ढकला, मग ती समजूत किती दिवस टिकते ते बघू.

लग्नाचं वय हा माझ्या मते त्या 'मुलं फार' वाक्याच्या मागे लपलेला खरा लोकसंख्याशास्त्रीय मुद्दा आहे. मुलं किती यापेक्षा आई किती वर्षांची, हे विचारा. महाराष्ट्रात विशीतल्या तरुण बायकांपैकी जवळपास 22 टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली आहेत, आणि हे आपलं पुढारलेलं राज्य. वाढत्या वयातली मुलगी गरोदर राहते तेव्हा तिच्या ताटातल्या भाकरीवर दोघांचा हक्क असतो: तिच्या स्वतःच्या अपुऱ्या हाडांचा आणि पोटातल्याचा. भारतातल्या पाहणीत असं दिसलं, की किशोरवयीन आयांच्या मुलांमध्ये खुरटण्याचं प्रमाण मोठ्या वयाच्या आयांपेक्षा दहा टक्केबिंदूंनी जास्त आहे. मुलगा-मुलगी दोनच, किंवा एकच, तरी ती सोळाव्या वर्षी झाली असतील तर जननदराचा तक्ता छान दिसतो आणि मूल खुरटतं.

ऊसतोडीच्या पट्ट्यात हे उघड चालतं. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला, म्हणजे अर्ध्या कोयत्याला, कोण विचारतो? म्हणून दसऱ्याच्या आत लग्न उरकायचं. वयात आलेल्या मुलीला गावात एकटी ठेवायची भीती आणि तळावर न्यायचीही भीती, हेही त्यात आलंच. मग पाचटाची खोपी, पहाटेचा फड, डोक्यावर उसाची मोळी आणि पोटात पाचवा महिना. बाळाचं नाव गावच्या अंगणवाडीच्या वहीत असतं आणि बाळ दोन जिल्हे पलीकडे कारखान्याच्या तळावर. वहीत त्याच्यापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. स्थलांतरित मुलाला भूक लागत नाही, असा बहुधा समज असावा.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. त्यासाठी मी मेळघाटातही जाणार नाही, फडावरही नाही. आपल्या स्वयंपाकघरात जाऊ.

आमच्या वाड्यात आधी पुरुषांची पंगत बसायची. मग मुलांची. मग सासू आणि थोरली सून. सगळ्यांत शेवटी धाकटी, तीही पाटावर नाही, चुलीशेजारी, पातेलं पुढ्यात ओढून. तोवर आमटीतलं वरचं दाट संपलेलं असायचं, भाजी कढईला लागलेली, दूध मुलांनी प्यालेलं. कोणी तिला उपाशी ठेवत नव्हतं. घरात कोणी दुष्टही नव्हतं. शेवटी बसणाऱ्याला शेवटचं मिळतं, एवढंच. मी पहिल्या-दुसऱ्या पंगतीत जेवलेला मुलगा आहे आणि मला हे चाळिशीपर्यंत दिसलं नव्हतं. आपण गरोदर सुनेचं डोहाळजेवण करतो, तिला हिरवी साडी नेसवून झोपाळ्यावर बसवतो, पाच-सात पदार्थ समोर मांडतो. नऊ महिन्यांतला तो एक दिवस ती पहिल्या पंगतीला असते.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. डायान कॉफी, रीतिका खेरा आणि डीन स्पिअर्स यांनी खेड्यांतल्या एकत्र कुटुंबांची मोजमापं घेऊन एक साधी तुलना केली. एकाच घरातले दोन भाऊ, त्यांच्या बायका म्हणजे जावा, आणि त्यांची मुलं. घर एक, चूल एक, विहीर एक, आजी-आजोबा एकच. धाकट्या जावेची मुलं थोरलीच्या मुलांपेक्षा बुटकी निघाली. घरात धाकटीचा शब्द कमी चालतो आणि तिचं स्वतःचं वजनही कमी असतं, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे गरिबी, पाणी, संडास, गाव, जात, आजोबांचं शिक्षण ही सगळी कारणं एकाच छपराखाली सारखी असताना मुलाच्या उंचीत फरक पडला तो आईच्या घरातल्या क्रमांकामुळे. मला या वादात याहून धारदार पुरावा माहीत नाही.

कॉफी यांनीच 2015 मध्ये आणखी एक हिशेब मांडला. गरोदर राहण्याच्या वेळी भारतातल्या 42 टक्के बायकांचं वजन प्रमाणापेक्षा कमी असतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत, जी आपल्यापेक्षा गरीब आहे, साडेसोळा टक्के. आणि आपली बाई नऊ महिन्यांत वाढते ती साधारण सात किलो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपण येताजाता म्हणतो. आडाकडे मात्र कोणी वाकून बघत नाही. सगळे पोहऱ्याचं वजन करत बसलेत.

पुण्यात बसून हे कोणाला दूरचं वाटत असेल, तर पुण्याजवळच्याच सहा गावांची गोष्ट घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून तिथल्या बायकांचा गरोदर राहण्याआधीपासून माग ठेवला. शेतकरी घरं, आदिवासी पाडे नाहीत. या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास आणि बाळांचं जन्मवजन साधारण 2.7 किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपल्या बाळात कमी पडतात ते स्नायू आणि अवयव, चरबी मात्र त्या मानाने टिकून असते, आणि हीच बाळं पुढे मधुमेहाच्या रांगेत उभी राहतात. आई किती उष्मांक खाते याचा बाळाच्या वजनाशी फारसा मेळ लागला नाही. मेळ लागला तो हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध किती वेळा मिळतं याच्याशी. म्हणजे नेमकं तेच, जे शेवटच्या पंगतीला उरत नाही. आणि आणखी एका गोष्टीशी: कामाशी. गरोदरपणी जितकं अंगमेहनतीचं काम जास्त, तितकं बाळ लहान. या बायकांना पालेभाजी चांगली असते हे कळत नव्हतं? त्या ती स्वतः खुडत होत्या आणि बाजारात पाठवत होत्या.

"मग मुलं कमी झाली की ताटात जास्त येईलच की," असं इथे कोणी म्हणेल. म्हणणारा चतुर आहे, कारण त्याच्या बाजूचा वाटणारा एक पुरावाही आहे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी 2017 मध्ये दाखवलं, की भारतातलं पहिलं मूल आफ्रिकेतल्या पहिल्या मुलापेक्षा उंच असतं. घसरण सुरू होते दुसऱ्यापासून, आणि तिसऱ्याला ती आणखी वाढते. पण आफ्रिकेत तर मुलं आपल्यापेक्षा किती जास्त! तिथे ही उतरंड इतकी तीव्र का नाही? कारण आपल्याकडे उतरंड संख्येची नाही, वंशाच्या दिव्याची आहे. थोरल्या मुलग्यावर घर सगळं उधळतं आणि नंतरच्यांच्या वेळी आईच्या तपासण्याही कमी होतात, गोळ्याही. मुलगी झाली की मुलग्यासाठी पुन्हा लगेच बाळंतपण. साताऱ्यात 2011 मध्ये 'नकुशा' नावाच्या दोनशेहून जास्त मुलींची नावं समारंभाने बदलावी लागली होती. ती नावं 'मुलं फार झाली' म्हणून ठेवलेली नव्हती. आणि त्याच वर्षीच्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. कुटुंब लहान करायला आपण कसे शिकलो, ते त्या आकड्यात लिहिलेलं आहे.

हे सरकारला ठाऊक नाही असंही नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा बाईला किमान 6000 रुपयांचा हक्क दिला. 2017 मध्ये त्यासाठी योजना आली, मातृवंदना. तिच्यात रक्कम झाली 5000 आणि अट आली, पहिल्याच मुलाला. पुढे 2022 मध्ये दुसरं मूल मुलगी असेल तर 6000, अशी दुरुस्ती झाली. म्हणजे जिथून उंचीची घसरण सुरू होते, बरोबर तिथेच आपण हात आखडता घेतला. कशाला? तर मुलं फार होऊ नयेत म्हणून. पाहुण्यांचं वाक्य कुठे कुठे जाऊन बसलंय बघा. ते सभागृहात निरुपद्रवी असतं, शासन निर्णयात बसलं की एका बाळंतिणीचं दूध तोडतं.

याच राज्याने दुसरीकडे एक शहाणपणाची गोष्ट केली आहे आणि ती सांगायला हवी. 2015 मध्ये आदिवासी भागात डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा बाईला अंगणवाडीत दिवसातून एक गरम, पूर्ण जेवण. राबवण्यात भोकं भरपूर आहेत, अंगणवाडीताईंना पैसे उशिरा मिळतात, पावसात बाया दोन-दोन किलोमीटर चालत येत नाहीत. तरी तिच्यामागची कल्पना पाकिटापेक्षा चांगली आहे. घरपोच आहाराचं पाकीट घरी जातं आणि घरच्या डब्यात पडतं. डब्याची चावी सासूकडे. अंगणवाडीत ती स्वतः बसते, ताट तिच्यापुढे येतं, आधी कोणी उठायचं राहिलेलं नसतं. ही योजना आदिवासी क्षेत्राबाहेर नाही. जालन्याच्या आणि बीडच्या बाईला ती का नाही, याचं कारण तेच: कुपोषण म्हणजे मेळघाट.

राहिला त्या कार्यक्रमातल्या चहाच्या वेळचा युक्तिवाद. एका डॉक्टरसाहेबांनी कप हातात धरून सांगितलं, "अहो, आपली हाडापेरानेच लहान जात. जागतिक मापं लावता कशाला?" हे नवीन नाही. अर्थतज्ज्ञ अरविंद पनगरिया यांनी 2013 मध्ये जवळपास हेच मोठ्या लेखात मांडलं. त्याआधी आपल्या पुण्यात पां. वा. सुखात्मे आणि वि. म. दांडेकर यांच्यात माणसाला किती उष्मांक पुरतात यावर वाद रंगला होता. शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेतं, असं सुखात्मे म्हणत. त्याच काळात डेव्हिड सेकलर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 'लहान पण निरोगी' अशी कल्पना काढली आणि पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. सुखात्म्यांबद्दल मला आदर आहे. त्यांचा प्रश्न खरा होता. पण जागतिक आरोग्य संघटनेची 2006 ची मापं ज्या सहा देशांतल्या मुलांवरून बेतली, त्यात दक्षिण दिल्लीतली सुखवस्तू घरातली मुलंही होती आणि ती नॉर्वेच्या मुलांसारखीच वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डच सैन्यभरतीतली पोरं सरासरी 165 सेंटिमीटरची होती. आज ते जगातले सगळ्यांत उंच लोक आहेत. बांगलादेशात 2004 मध्ये 51 टक्के मुलं खुरटलेली होती, 2022 मध्ये 24. अठरा वर्षांत बंगाल्यांची जात बदलली नाही.

आमच्या घरातही एक पनगरिया होत्या: आत्या. माझे वडील धाकट्या जावेचे, म्हणजे माझ्या आजीचे. चुलतकाका थोरलीचे, वडिलांच्याच वयाचे, अवघे तीन महिन्यांनी मोठे. दोघे एकाच वाड्यात, एकाच चुलीवर वाढले. वडिलांच्या लग्नात नवा कोट शिवायला पैसे नव्हते म्हणून काकांचा घातला. बाह्या बोटांपर्यंत आल्या, त्या आतून दुमडून टाके घातले. तो कोट माझ्याकडे आहे, टाके अजून आहेत. कोणी विचारलं, की आत्या ठरलेलं उत्तर द्यायची: "तो आजोळावर गेलाय."

आजीचे दोन्ही भाऊ आमच्या वाड्यात यायचे तेव्हा दारात वाकून यायचे. चौकटीला डोकं लागायचं.